तालुक्याच्या पत्रास इतिहास नाही काय?

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासावर लेखणी उचलणारे आमचे विद्वान ज्या वाटेने जातात ती वाट आता इतकी मळून गेली आहे की, डोळे मिटूनही तीवरून चालता यावे. १८३२ साली मुंबईस ‘दर्पण’ निघाले, १८४९ साली पुण्यास ‘ज्ञानप्रकाश’ निघाले, १८८१ साली ‘केसरी’ निघाला, मग ‘सुधारक’, ‘काळ’, ‘संदेश’ आणि पुढची दैनिके. अशा रीतीने बोरघाटाच्या वरखाली दोनचार फेऱ्या झाल्या की इतिहास संपला. जी पत्रे ह्या दोन शहरांबाहेर, तालुक्याच्या किंवा त्याहूनही लहान ठिकाणी निघाली, त्यांची बोळवण एखाद्या वाक्यात होते आणि त्या वाक्यात ‘किरकोळ’ हे विशेषण न चुकता असते. आमचा वाद ह्या एका विशेषणाशी आहे. किरकोळ कोणाच्या लेखी? कोणत्या मापाने? आणि ते माप कोणी ठरविले?

सूचीकारांविरुद्ध आमची तक्रार नाही हे आधीच सांगून टाकतो. १९३८ साली रा. गो. कानडे ह्यांनी मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिला आणि पुढे दाते, काळे व बर्वे ह्यांनी नियतकालिकांची सूची सिद्ध केली. ज्यांना घरात बसून मते देता आली असती अशा माणसांनी कपाटे धुंडाळून नावे, गावे व वर्षे गोळा केली ह्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋणी असावे. परंतु सूची म्हणजे इतिहास नव्हे. सूचीने गावाचे नाव दिले. त्या गावी जाऊन पाहणे हे इतिहासकाराचे काम होते, आणि ते काम अद्याप बव्हंशी कोणी केलेले नाही. सूचीतील जाड ठशाच्या दहावीस नावांवर ग्रंथ निघतात, व्याख्यानमाला होतात, शताब्द्या साजऱ्या होतात. बारीक ठशाच्या नावांना वाळवी लागते.

एक उदाहरण घेऊ. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, हे शाळेतल्या मुलासही ठाऊक आहे, आणि असावे हे योग्यच आहे. त्याच वर्षी त्याच कलमाखाली त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील इस्लामपूर गावी निघणाऱ्या ‘प्रतोद’ नावाच्या पत्रावर खटला झाला हे आमच्या वाचकांपैकी किती जणांस माहीत असेल? कॅनडातील लोकांच्या स्वातंत्र्याच्या आकांक्षेचा दाखला घेऊन ‘प्रतोद’कारांनी एक लेख लिहिला होता. कॅनडा कोठे, इस्लामपूर कोठे! परंतु सरकारला त्यातला अर्थ बरोबर कळला. सातारच्या सेशन कोर्टाने संपादकास शिक्षा दिली ती महिन्यांची नव्हे, वर्षांचीही नव्हे. जन्मभर काळ्या पाण्याची दिली. अपील मुंबईच्या हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे गेले, त्या पीठावर न्यायमूर्ती रानडेही होते. दोष कायम राहिला, शिक्षा मात्र एका वर्षावर आली. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला ‘सम्राज्ञी विरुद्ध रामचंद्र नारायण’ म्हणून आजही सापडतो. अप्रीती म्हणजे काय ह्याचा वाद निघाला की वकील मंडळी त्याचा आधार घेतात. म्हणजे ज्या संपादकावर काळे पाणी काही आठवड्यांच्या अंतराने चुकले तो आमच्या वकिलांच्या कपाटात जिवंत आहे आणि आमच्या वाङ्मयाच्या कपाटात त्याचा पत्ता नाही. त्याचे आडनावदेखील खटल्याच्या मथळ्यात नाही, आणि ते शोधून काढण्याची आमच्या वाङ्मयसेवकांस फारशी निकड वाटलेली दिसत नाही.

कोणी म्हणेल, एक वर्ष आणि अठरा महिने ह्यांची ही तुलना कशासाठी? लोकमान्यांचा मोठेपणा कमी करण्याचा आमचा हेतू नाही. तसा तो कमी होणाराही नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. लोकमान्य तुरुंगात गेले तेव्हा त्यांच्या पाठीशी पुणे होते, मुंबई होती, बचावासाठी वर्गणी देणारे दूरदूरचे चाहते होते, आणि विलायतेतही चार माणसे त्यांची चौकशी करीत होती. इस्लामपुरासारख्या गावी पत्र चालविणाऱ्याच्या पाठीशी काय असते? छापखान्याचे एक यंत्र, खिळ्यांचे चार गाळे, एखादा जुळारी, आणि वर्गणी थकलेल्या वर्गणीदारांची वही. मामलेदार कचेरी हाकेच्या अंतरावर. फौजदार रोज दारावरून जाणारा. ज्याच्याविरुद्ध लिहावयाचे तो आठवड्याच्या बाजारी समोरासमोर भेटणारा. कदाचित आपल्याच सोयऱ्यांपैकी, कदाचित आपल्या घरमालकाचा व्याही. पुण्याचा संपादक कलेक्टरास झोडपतो, त्याचे धैर्य आम्ही मान्य करतो. पण त्या कलेक्टराची व त्याची गाठ सहसा पडत नाही. खेड्यातील संपादकास मंगळवारी ज्याच्यावर टीका छापली त्याच्याच विहिरीवर बुधवारी पाणी भरावे लागते. वृत्तपत्राची योग्यता मोजावयाची तर लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहिले तो ह्यांच्यामध्ये अंतर किती होते, हे माप आधी लावले पाहिजे. हे माप लावले की ज्यांना आपण आजवर थोरली पत्रे म्हणत आलो त्यांतली काही बरीच सुरक्षित दिसू लागतात, आणि किरकोळ म्हणून बाजूस सारलेली काही पत्रे अंगावर काटा आणतात.

गंमत अशी की ही गोष्ट परक्या सरकारला पहिल्यापासून समजली होती. मुंबई इलाख्यातील देशी पत्रांतून काय छापून येते ह्याचा गोषवारा इंग्रजीत करून तो दर आठवड्यास अधिकाऱ्यांपुढे ठेवण्याची सरकारची व्यवस्था होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून असे शेकडो साप्ताहिक अहवाल छापले गेले व ते दप्तरखान्यात जपून ठेवलेले आहेत. सरकारी भाषांतरकाराने पुणे-मुंबई आणि मोफसल असा भेद केला नाही. ठाणे, सातारा, रत्नागिरी, बेळगाव, सोलापूर, धुळे, जेथून म्हणून चार पानांचे पत्र निघे तेथून ते मागवावे, ओळ न् ओळ वाचावी, त्यातली कुरकुर टिपावी आणि वर पाठवावी, असा त्याचा शिरस्ता होता. आज ह्यांपैकी कितीतरी पत्रांच्या फायली कोठेच नाहीत; त्यांत काय होते हे आपणांस कळते ते ह्या पाळतीच्या कागदांवरून, आणि तेही इंग्रजीत. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले त्याच्या नातवाने इंग्रजी गोषवाऱ्यातून वाचावे, ह्याहून मोठी विटंबना आम्हांस तरी सुचत नाही. ज्यांनी ही पत्रे संशयाने वाचली त्यांनी ती टिकविली, आणि ज्यांची म्हणून ती निघाली त्यांनी त्यांत शेंगदाणे बांधले.

आता ज्या पत्रासाठी मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुका आहे. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली तो हा मुलूख. ह्या तालुक्यात तरवडी नावाचे एक खेडे आहे. शहर नव्हे, पेठ नव्हे, तालुक्याचे ठिकाणही नव्हे. ह्या खेड्यात ‘दीनमित्र’ ह्या साप्ताहिकाचे बिऱ्हाड होते. पत्र सुरू झाले १९१० साली, आणि त्याचे संपादक मुकुंदराव पाटील १९६७ साली वारले तोवर ते चालले. अर्ध्या शतकाहून अधिक काळ एका खेड्यातून एक साप्ताहिक निघत राहिले. दोन महायुद्धे, प्लेग आणि इन्फ्लुएंझा, दुष्काळ, कागदाची टंचाई, असहकार, बेचाळीस, स्वातंत्र्य आणि संयुक्त महाराष्ट्र एवढे सगळे त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. पुण्यामुंबईची किती नामांकित पत्रे एवढ्या अवधीत जन्मास आली आणि मेली ह्याची मोजदाद ज्याची त्याने करावी.

मुकुंदराव हे सत्यशोधक. त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर म्हणजे १८७७ साली ‘दीनबंधु’ पत्र काढणारे; तेच पत्र पुढे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईस नेऊन नावारूपास आणले. मुकुंदरावांस दत्तक घेणारे गणपतराव पाटील ह्यांनीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘दीनमित्र’ ह्याच नावाचे पत्र चालविले होते. म्हणजे जन्माने एक पत्र व दत्तविधानाने दुसरे, असा दोन्हीकडून वारसा ह्या माणसाकडे आला. घरंदाजपणाचा आमच्या इतिहासकारांस इतका सोस, पण हे घराणे मात्र त्यांच्या वंशावळीत बसत नाही!

हे पत्र निघाले त्या सालाकडे जरा लक्ष द्यावे. १९१० च्या फेब्रुवारीत हिंदुस्थान सरकारने छापखान्यांचा नवा कायदा केला. त्याअन्वये नवा छापखाना घालणाऱ्याकडून पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा व तो पुढे जप्त करण्याचा अधिकार सरकारकडे आला. खेड्यातील माणसाला त्या काळी दोन हजार रुपये म्हणजे काय ह्याची कल्पना आज करणे कठीण. चांगला वाडा उभा राहिला असता. ज्या वर्षी मोठमोठी पत्रे जपून श्वास घेऊ लागली त्या वर्षी एक पंचविशीतला पाटील खेड्यातून पत्र काढण्याचे मनात आणतो, ह्याला काय म्हणावे? आणि वाचक कोण? पुढच्याच वर्षीच्या खानेसुमारीत हिंदुस्थानात शंभरांत सहाच्या आसपास माणसे साक्षर भरली. नेवासे तालुक्यातील कुणब्यांत तो आकडा त्याहून वर असण्याचे कारण नव्हते.

येथेच शहरी इतिहासकाराची दुसरी चूक होते. तो खपाचा आकडा विचारतो. खेड्यातील पत्राचा खप मोजून काही कळत नाही. कारण तेथे पत्र वाचावयाचे नसून ऐकावयाचे असते. चावडीवर, पारावर, सुताराच्या मेटावर, दळणाच्या रांगेत एक शिकलेला पोर मोठ्याने वाचतो आणि पंधरावीस माणसे ऐकतात. ऐकलेले घरी जाऊन सांगतात. त्यातला चिमटा ज्याला बसावयाचा त्याला संध्याकाळपर्यंत बसलेला असतो. लिहिणाऱ्यास हे ठाऊक असते, म्हणून त्याची वाक्ये कानासाठी केलेली असतात. त्यात म्हणी येतात, ओव्या येतात, भांडणाचा ठसका येतो. मुकुंदरावांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ व ‘शेटजीप्रताप’ ही काव्ये लिहिली ती उगाच नव्हेत. पोथी ऐकण्याची ज्या समाजास पिढ्यान्पिढ्यांची सवय होती त्याला त्यांनी पोथीच्याच थाटात त्याच्या दैन्याची कारणे ऐकविली: एकीत दप्तर सांभाळणारा वतनदार, दुसरीत खते लिहून घेणारा सावकार.

कुलकर्ण्याचे प्रकरण समजण्यासाठी थोडा खुलासा हवा. गावचे सगळे लेखन एका वंशपरंपरेच्या वतनदाराच्या हाती. जमीन कोणाच्या नावे, बांध कोठपर्यंत, सारा किती भरला, किती तुंबला, हे सारे त्याच्या मोडीत; आणि ज्याच्याविषयी ते लिहिलेले त्याला अक्षर वाचता येत नाही. सगळेच कुलकर्णी लबाड होते असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पुष्कळ कुलकर्ण्यांनी गावे सांभाळली. परंतु जेथे एका पक्षाकडे लेखणी आणि दुसऱ्याकडे केवळ अंगठा, तेथे सज्जनपणा हा वतनदाराच्या मर्जीचा प्रश्न होतो, रयतेच्या हक्काचा राहत नाही. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले. इतरत्र मुंबई राज्यात ही वतने १९५० च्या कायद्याने गेली. ‘दीनमित्र’ तेव्हा चालू होता. ज्या वतनाविरुद्ध त्याने आपल्या आयुष्याच्या पहिल्या चारपाच वर्षांत लेखणी धरली त्या वतनाचा शेवट त्याच संपादकाने त्याच पत्रातून पाहिला. किती थोर संपादकांच्या वाट्याला एवढे भाग्य आले?

आता आमच्याच पंक्तीतील काही सुशिक्षित गृहस्थांचा आक्षेप ऐकू येतो. ते म्हणतात, ‘दीनमित्रा’ची भाषा शिवराळ होती, पक्षपाती होती, ब्राह्मणांविषयी तीत विष होते, असे लेखन वाङ्मयाच्या इतिहासात कशाला? आक्षेपातली पहिली गोष्ट आम्ही नाकारीत नाही. मुकुंदरावांची लेखणी कडवट होती, आणि एका जातीच्या काही माणसांचे पाप त्यांनी कित्येकदा सगळ्या जातीच्या माथी मारले. तेथे ती आम्हांस अन्यायाची वाटते. परंतु हा न्याय सर्वांना सारखा लावावा एवढेच आमचे मागणे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांची जी संभावना केली ती काय मधात बुडविलेली होती? शिवरामपंत परांजप्यांचा ‘काळ’ काय निःपक्षपाती होता? त्यांच्या कडवटपणास आपण ‘ओज’ म्हणतो, त्यांच्या कुचेष्टेस ‘वक्रोक्ती’ म्हणतो, त्यांचे उतारे मुलांच्या पुस्तकांत घालतो. तीच तऱ्हा नेवाश्याच्या खेड्यातल्या पाटलाने केली की ती शिवराळ ठरते! भाषेचा तिखटपणा हा दोष असेल तर तो दोन्हीकडे दोष. गुण असेल तर दोन्हीकडे गुण. तिखट कोणाच्या डोळ्यांत गेले ह्यावरून त्याचे नाव बदलण्याची ही रीत वाङ्मयविचाराची नव्हे.

खरे कारण निराळे आहे आणि ते स्पष्ट बोलून दाखविलेले बरे. फायली राखण्यासाठी घर लागते, माडी लागते, कपाट लागते, वाचणारी दुसरी पिढी लागते. ज्या घरांत ही साधने होती त्या घरांत ‘केसरी’ बांधून ठेवला गेला. ज्या घरांत ‘दीनमित्र’ ऐकला जाई त्या घरांत पावसाळ्यात माणसांनाच कोरडी जागा नव्हती. आणि ज्यांच्याकडे कपाट होते त्यांना ‘दीनमित्रा’ने डिवचलेले. म्हणजे ज्यांना तो हवा होता त्यांना ठेवता आला नाही आणि ज्यांना ठेवता आला असता त्यांना तो नको होता. पुढे इतिहास लिहिण्याची वेळ आली तेव्हा लिहिणाऱ्याने कपाट उघडले, कपाटात जे होते त्याला इतिहास म्हटले, नव्हते त्याला किरकोळ म्हटले. अलीकडच्या काळात सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासकांनी मुकुंदरावांचे लेखन जमवून प्रसिद्ध केले आणि तरवडीस त्यांचे स्मारकही झाले. पण त्या अभ्यासाला आपण ‘चळवळीचा इतिहास’ ह्या वेगळ्या खणात ठेवून देतो. पत्रकारितेच्या व गद्याच्या इतिहासात त्याला पाट मांडावयास आपले मन अजून होत नाही.

लहान गावच्या पत्रात वाङ्मय कोठून येणार, असेही कोणी विचारतात. त्यांनी सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकाकडे पाहावे. शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करणारा एक तरुण त्यात नेमाने लिहीत असे. त्याचे नाव विष्णु सखाराम खांडेकर. ज्ञानपीठाच्या मानकऱ्याचा हात ज्या पत्रांतून वळणावर आला त्यांत हे एक संस्थानी गावचे चिमुकले पत्र होते. अशा पत्रांचे एक बरे असते: त्यांना जागा भरावयाची असते, लेखक निवडावयास ते फार चोखंदळ नसतात, आणि त्यामुळे होतकरू माणसास चुका करण्याची मुभा मिळते. शहरातल्या पत्रात ती मिळत नाही. पण हा मुद्दा आम्ही लांबवीत नाही; कारण तालुक्याच्या पत्राची किंमत त्याने पुढे कोणता कादंबरीकार दिला ह्यावर ठरवावी हे आम्हांस मुळातच मान्य नाही.

येथवर आम्ही ज्यांची बाजू घेतली त्यांच्या बिरादरीत ठक कमी नव्हते आणि आजही कमी नाहीत. तालुक्याचे साप्ताहिक म्हटले की काही सभ्य माणसांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या उगाच नव्हेत. ‘तुमच्याविषयी मजकूर आला आहे, छापू की राहू देऊ?’ असे विचारत दुकानांची पायरी चढणारे संपादक प्रत्येक तालुक्याने पाहिलेले आहेत. काही पत्रे दिवाळीस आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसास तेवढी निघतात. त्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हात जोडलेल्या छबी असतात. ह्या पत्रांची कड घेण्याचे आम्हांस कारण नाही. मात्र ती अशी का झाली हे पाहावयास नको काय?

वर्गणीवर तालुक्याचे पत्र कधीच जगले नाही. वर्गणीदार थकबाकी ठेवतो, व्ही. पी. परत करतो, आणि शेजाऱ्याचा अंक मागून वाचतो. हे शंभर वर्षांपूर्वीही असेच होते. पत्र जगे ते जाहीर नोटिशीवर: कोर्टाच्या, नगरपालिकेच्या, लिलावांच्या, जमिनीच्या खरेदीविक्रीच्या. ह्या नोटिशींत मोठा गुण असा की त्या कोणाच्या मेहेरबानीच्या नसतात. कायद्याने छापाव्या लागतात म्हणून छापल्या जातात, आणि त्यांचे पैसे घेताना संपादकास कोणापुढे मान लववावी लागत नाही. १९७६ साली दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली. ज्या प्रतिवादीचा पत्ता लागत नाही त्याच्या नावचे समन्स वर्तमानपत्रात छापावयाचे तर ते पत्र त्या भागात खपणारे ‘दैनिक’ असले पाहिजे, असे तीत ठरले. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण त्या एका शब्दाने साप्ताहिकाच्या ताटातली कष्टाची भाकरी उचलून दैनिकाच्या ताटात टाकली. राहिले काय? सरकारी यादीवरच्या दर्शनी जाहिराती, ज्या मिळणे न मिळणे कचेरीच्या हाती. आणि पुढाऱ्यांच्या शुभेच्छा, ज्या मिळणे न मिळणे पुढाऱ्यांच्या हाती. ज्याच्यावर लक्ष ठेवावयाचे त्याच्याच हातून जेवावयाची पाळी आणल्यावर संपादकास बाणेदारपणाचे व्याख्यान देणे हा शुद्ध दांभिकपणा आहे. १९१० सालच्या कायद्याने जामीन मागून जे साधले नाही ते आता जाहिरात देऊन साधते, आणि कोणाला तुरुंगातही घालावे लागत नाही.

ह्यावर ठरलेले उत्तर असे येते की, आता ह्या पत्रांची गरजच काय? प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे, गावातली बातमी मिनिटात गावभर होते. होते खरी, पण बातमी पसरणे आणि बातमीची जबाबदारी कोणी घेणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८६७ च्या परक्या सरकारच्या कायद्यानेही छापील कागदावर छापणाऱ्याचे नाव व छापण्याचे ठिकाण मागितले होते. तो कायदा जाऊन २०२४ च्या १ मार्चपासून नवा कायदा लागू झाला, तरी छापील अंकास नावगाव द्यावेच लागते. शेवटच्या पानाच्या तळाशी जी बारीक ओळ असते, अमक्या छापखान्यात छापून तमक्याने ह्या ठिकाणी प्रसिद्ध केले, तिला आपण कधी वाचीत नाही. पण तालुक्याच्या पत्रातील सगळ्यांत धीट मजकूर तोच होय. तीत एक माणूस सांगत असतो की, हे मी लिहिले आहे, मी ह्या गल्लीत राहतो, ज्याला भांडावयाचे असेल त्याने यावे. मोबाईलवरच्या निरोपाखाली अशी ओळ नसते. पुढे ढकललेला म्हणून शिक्का असलेला तो मजकूर कोठून निघाला हे देवाला ठाऊक; त्याचा बाप नाही आणि म्हणून त्याला श्राद्धही नाही. पाच वर्षांनी गावच्या तळ्याचा गाळ काढण्याचा खर्च कोणी मंजूर केला हे पाहावयाचे झाले, तर साप्ताहिकाची फाईल काढता येते. निरोपाची काढता येत नाही.

म्हणून फायलींचा प्रश्न हा जुन्या कागदांच्या शौकिनांचा प्रश्न नव्हे. ग्रामपंचायत, बाजार समिती, साखर कारखाना, पतपेढी, शिक्षणसंस्था ह्यांच्या कारभाराचे जे एकमेव बाहेरचे साक्षीदार गेल्या शतकात होते त्यांची जबानी त्या गठ्ठ्यांत आहे. प्रकाशकांनी ठरावीक ग्रंथालयांस प्रती पाठवाव्यात असा १९५४ चा कायदा आहे व दोन वर्षांनी तो वृत्तपत्रांसही लागू झाला. पण कलकत्त्यास किंवा मुंबईस अंक पाठवून तालुक्याच्या माणसाची सोय होत नाही. महाराष्ट्राने १९६७ साली, म्हणजे ‘दीनमित्र’ संपला त्याच साली, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यान्वये अनुदान घेणारी ग्रंथालये आज तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांच्याकडे कादंबऱ्या आहेत, स्पर्धापरीक्षांची पुस्तके आहेत. आपल्याच तालुक्यात निघालेल्या साप्ताहिकांची फाईल किती ठिकाणी आहे, हे आमच्या वाचकांनी आपापल्या गावच्या ग्रंथपालास एकदा विचारून पाहावे.

ह्यास लाखो रुपये लागत नाहीत. प्रत्येक तालुक्यात बंद पडलेला एखादा छापखाना असतो, त्याच्या माळ्यावर सुतळीने बांधलेले गठ्ठे असतात, आणि ते रद्दीवाल्यास केव्हा घालावे ह्याचा विचार मालकाचा मुलगा करीत असतो. अनुदान देताना सरकारने ग्रंथालयास एवढीच अट घालावी की, तालुक्यातील निदान एका पत्राची मिळेल तेवढी फाईल मिळवून तिची छायाचित्रे घ्यावीत व ती कोणासही पाहावयास मोकळी ठेवावीत. साहित्य संमेलनाच्या मांडवावर व भोजनावर जो खर्च होतो त्याच्या अल्पशा भागात एका जिल्ह्याचे काम उरकेल. विद्यापीठांनी मराठीच्या पदवीधरास प्रबंधासाठी आणखी एक कादंबरीकार देण्याऐवजी आपल्या गावचे पत्र द्यावे. निदान त्याला माळ्यावर चढावे तरी लागेल. आणि जे मालक आहेत त्यांना आमची विनंती आहे की, गठ्ठे विकण्यापूर्वी गावातल्या एखाद्या शिक्षकास हाक मारावी. माळ्यावरची कौले पावसात गळतात. मृगाच्या आधी ते गठ्ठे खाली काढून उन्हात घातले तरी पुष्कळ झाले.